चार नंबरचा बिल्ला

१

"इथं आत्तापर्यंत किती माणसं मेली?"

प्रश्न माझ्या तोंडून गेला, पण पैज यशश्री आणि झैनची. दोघं माझ्याच वर्गातले, अकरावीचे. मस्कतहून निघाल्यापासून मागच्या सीटवर बसून ते मला डिवचत होते, की वक्तृत्व स्पर्धेत कप उचलणं सोपं असतं, गाइडला तोंडावर हे विचारून दाखव. मग काय, विचारलं. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हातसुद्धा वर करत नव्हते. यंदा मला खाली बसवायला बाईंना दोनदा सांगावं लागतं.

गाइडचं नाव अम्मार. ओमानी, तिशीचा, आणि हिंदी अगदी सफाईदार, कारण त्याच्या वडिलांच्या दुकानातले सगळे कामगार आपल्याकडचे. तो चिडला नाही, हसलाही नाही. त्यानं गाडी दरीच्या कडेला लावली, मागून एक लाकडी फळी काढली आणि माझ्यासमोर धरली. फळीवर सात खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला जाड सुती दोरीत ओवलेला पितळी बिल्ला. एका बाजूला आकडा, दुसऱ्या बाजूला लांब शिंगांचा डोंगरी बोकड, कंपनीची खूण.

"ही फळी खाली झाडाला टांगतो. दरीत शिरताना प्रत्येकानं आपला बिल्ला गळ्यात घालायचा, बाहेर आला की परत लावायचा. फळी भरली की मी निघतो," तो म्हणाला. "सहा वर्षांत एक खिळा रिकामा राहिलेला नाही. हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर."

अडीच तासांनी फळी पूर्ण भरलेली होती, सातच्या सात, आणि अफशा कुठेच नव्हती.

२

अफशा म्हणजे माझी सगळ्यात जवळची मैत्रीण. तिचे अब्बा बाबामियाँ रत्नागिरीकडचे, अल मवालेहच्या मंडईत भाजीचे व्यापारी. शनिवारी त्यांना गाळा सोडता येत नाही, म्हणून त्यांनी मुलीला आमच्याबरोबर पाठवलं आणि सोबतीला पुतण्या नुमान दिला. नुमान चोवीस वर्षांचा आहे आणि वागतो चौसष्टचा. निघताना माझ्या बाबांनी बाबामियाँना शब्द दिला होता, की अफशाची काळजी करू नका, ती माझी जबाबदारी.

माझे बाबा सोहारला एका कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहेत. आठवडाभर तिकडे, शुक्रवार-शनिवार घरी. त्यांच्या कमरेला एक काळा पाऊच असतो. विमानतळावर आम्हा तिघांचे पासपोर्ट त्यातच, आणि काउंटरवर गेलं की सगळे एकदम पुढे. मी सोळा वर्षांची झाले तरी माझा पासपोर्ट माझ्या हातात आलेला नाही. गाडीतसुद्धा आईनं चार्जर सीटवर टाकला, तर बाबांनी तो उचलला, वायरीचे आठच्या आकड्यात वेढे घेतले, टोक मधल्या फटीत खोचलं आणि मग त्यांना बरं वाटलं.

खाली उतरायला वीस मिनिटं लागली. वरून पाहिलं तेव्हा त्या चिरेत माणूस मावेल असं वाटत नव्हतं. खाली गेल्यावर वर आभाळाची एक पट्टी उरली आणि बोललेला प्रत्येक शब्द थोड्या वेळानं दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात परत यायला लागला. मला ते आवडलं नाही. म्हणून मी जास्तच बोलले.

तळाशी बाभळीसारखं एक झाड होतं. फळी तिथं टांगली. तिथून दरीला दोन फाटे. डावीकडे गळ्याइतकं पाणी, ते ओलांडलं की पुढे अर्ध्या तासावर गुहा. उजवा फाटा कोरडा, अरुंद, आणि वळणावळणाचा. अम्मार म्हणाला, की तो आमच्यापैकी कुणाबरोबरही येणार नाही, झाडामागच्या उंच कपारीत बसून डोंगरावरचं आभाळ बघत राहणार. इथं ऊन असतं आणि वीस किलोमीटरवर पाऊस पडतो, आणि तो पाऊस मग दरीतून चालत येतो. तीन शिट्ट्या झाल्या की हातातलं सगळं टाकून वर यायचं.

आम्ही बिल्ले घातले. एक बाबा, दोन आई, तीन मी, चार अफशा, पाच झैन, सहा यशश्री, सात नुमान. अफशानं तिचा बिल्ला लगेच उलटा केला, बोकड आत, आकडा बाहेर. झैन म्हणाला, "बोकडाला लाजतेस काय?" ती म्हणाली, "तुझ्यापेक्षा देखणा आहे, म्हणून."

तेवढ्यात नुमाननं तिला अडवलं. पाण्यात जायचं नाही, चाचांनी मला पाठवलंय ते कशाला, बिल्ला दे इकडे आणि बस. अफशाचं नाक लाल झालं. तिनं बिल्ला मुठीत घट्ट धरला आणि मला म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी येते.

मी पुढे झाले. मागे वळून पाहिलं नाही. पाणी इतकं गार होतं आणि मी इतकी बोलत होते, की अफशा येते का हे बघायचं राहूनच गेलं.

३

साडेबाराला शिट्ट्या झाल्या. तीन, मग परत तीन.

आम्ही तिघं गुहेच्या अर्ध्या वाटेवरून पळत आलो. गळाभर पाण्यातून परत. पाणी सकाळपेक्षा गढूळ होतं आणि त्यात खजुराच्या फांद्यांचे बारीक तुकडे होते, जे सकाळी नव्हते. झाडापाशी पोचलो तर एक, दोन, चार, सात लागलेले. चार बघून माझा जीव भांड्यात पडला. रुसून आधीच वर गेली असणार, असं मी मोठ्यानं म्हणालेसुद्धा. आम्ही आमचे तीन ओले बिल्ले लावले आणि चढायला लागलो. अम्मार कपारीतून उतरला, फळी भरलेली पाहिली, काखेत मारली आणि आमच्या मागे आला.

वर गाडीपाशी आई, बाबा आणि नुमान उभे होते. बाबांनी आमच्यामागे पाहिलं आणि विचारलं, "अफशा कुठे?"

मी म्हणाले, "तुमच्याबरोबर ना?"

नुमान कड्याच्या टोकापर्यंत धावत गेला आणि खाली तिच्या नावानं ओरडला. खालून फक्त तिचं नाव परत आलं.

अम्मारनं डोंगराकडे बोट दाखवलं. टोकं दिसत नव्हती, सगळं काळं झालं होतं. पलीकडच्या कड्यावर शेळ्यांचा कळप सरळ उभी चढण चढत होता, कुणी न हाकलता. त्यानं घड्याळ पाहिलं. माझ्या बाबांना तो हलक्या आवाजात म्हणाला, पण मी ऐकलं. वादी, म्हणजे पुराचा लोंढा, यायला अर्धा तास, फार तर चाळीस मिनिटं. तो एकटा पळत दहा मिनिटांत उतरेल. त्यानंतर एकच फाटा बघता येईल. चुकीचा निवडला, तर दुसऱ्यासाठी वेळ नाही.

फोनला रेंज नव्हती. बाबा म्हणाले, ती मुलींबरोबर पोहायला गेली होती, डावीकडेच बघा. यशश्री म्हणाली, मला वाटतं मागे तिचा आवाज आला होता. झैनलाही तसंच वाटलं. त्या दरीत कुणाचाही आवाज कुठूनही येत होता, हे कुणी लक्षातच घेत नव्हतं.

"पण तिचा बिल्ला फळीवर आहे," मी म्हणाले. "तो कुणी लावला?"

अम्मार दोन पावलं गेला होता, तो थांबला.

४

मला वाटलं झैन. हजेरीच्या वेळी आवाज बदलून दुसऱ्यांच्या वतीनं 'प्रेझेंट' म्हणणारा आमच्या वर्गात तोच आहे. मी त्याची कॉलर धरली. त्याचे ओठ पांढरे पडले होते. त्यानं शपथ घेतली नाही, विनोद केला नाही, फक्त मान हलवली. झैन विनोद करत नाही म्हणजे तो खरं बोलत असतो.

मग सगळे नुमानकडे बघायला लागले. बिल्ला मागणारा तोच होता. अम्मारनं त्याला सरळ विचारलं, तू तिच्याकडून काढून घेतलास का, आणि ती बिल्ल्याशिवायच पाण्यात गेली का? नुमान म्हणाला, मी मागितला, पण तिनं दिला नाही, मग मी झाडाखाली आडवा झालो, शिट्टीनं जाग आली. "चाचांना मी काय तोंड दाखवू," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. रडणारा माणूस खरं बोलतोच असं नाही, हे मला ठाऊक आहे. आईनं त्याला पाणी दिलं आणि ते त्याच्या हातातून सांडलं.

मी फळी गाडीच्या बॉनेटवर ठेवली. डोकं एकदम स्वच्छ झालं, कपच्या फायनलला झालं होतं तसं. मी प्रत्येक दोरी चिमटीत धरून पाहिली.

तीन, पाच, सहा ओल्या. पिळल्या तर पाणी निघालं. जाड सूत आहे, लवकर वाळत नाही. एक, दोन, सात कोरड्या, कारण आई, बाबा आणि नुमान झाडाखालीच बसले होते.

आणि चार कोरडी. नुसती कोरडी नाही, गरम आणि खडखडीत.

"हा बिल्ला पाण्यात गेलेलाच नाही," मी अम्मारला म्हणाले. "म्हणजे ती डावीकडे गेली नाही."

तो म्हणाला, बिल्ला गेला नाही, मुलगी गेली असेल. कुणी काढून घेतला असेल तर काय? त्याचं बरोबर होतं. चार नंबर तिनं स्वतःहून दिला की कुणी हिसकावला, हे कळल्याशिवाय काहीच कळत नव्हतं. खाली कुठेतरी दगड घरंगळल्याचा आवाज झाला आणि आम्ही सगळे दचकलो.

मी पुन्हा फळीकडे पाहिलं. या वेळी ओलं-कोरडं नाही, नुसतं पाहिलं.

सात नंबर खिळ्यावर कसाबसा फेकलेला होता, दोरी लोंबत. आमचे तिघांचेही तसेच. पण एक आणि दोन तसे नव्हते. त्यांच्या दोऱ्यांना आठच्या आकड्यात वेढे दिलेले होते आणि टोक मधल्या फटीत खोचलेलं होतं.

चारलासुद्धा.

हे वेढे मी रोज बघते. आमच्या घरातल्या प्रत्येक वायरीला ते आहेत.

५

मी ओरडले नाही. का, ते अजून मला नीट सांगता येत नाही. बाबांचा दंड धरला आणि त्यांना गाडीच्या मागे नेलं.

"बाबा, पाऊच उघडा."

ते म्हणाले, आत्ता काय पाऊच, मी आपले दोन लावले, माझा आणि आईचा, संपलं. मी म्हणाले, अफशानं तुम्हाला तिचा दिला होता का? ते वैतागून म्हणाले, हो, दिला होता, तो आहे की इथं. आणि त्यांनी चेन उघडली.

आत गाडीची पावती होती, एक गोळ्यांची पट्टी होती, रुमाल होता. त्यांनी रुमाल झटकला. पट्टी काढली. मग पाऊच उलटा केला. मग परत आत बोटं घातली, जणू बिल्ला शिवणीत शिरला असेल.

माझे बाबा कारखान्यात चारशे केव्हीच्या, म्हणजे अति उच्च दाबाच्या विजेच्या यार्डात काम करतात. त्यांचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता.

"मी तिन्ही काढले," ते म्हणाले. "शिट्टी झाली, मी जे होतं ते काढलं आणि लावलं. बघितलंच नाही विशू. काउंटरवर देतो तसं..."

"तिनं दिला तेव्हा काय म्हणाली? नेमकं सांगा."

"आई डबे लावत होती. काका, हा जरा ठेवा, एवढंच. मी वर पाहिलंही नाही. पोहायला चालली असेल, हरवेल म्हणून देत असेल, असं वाटलं."

डबे लावत होती म्हणजे बारा वाजून गेले होते. बारा वाजून गेल्यावर अफशा दिवसभरात न चुकता काय करते, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. तिच्या घरी मी अभ्यासाला जाते तेव्हा माझी मांजराच्या चित्राची पिशवी ती आधी उलटी ठेवते आणि मग मुसल्ला, नमाजाची चटई, अंथरते. चित्रातल्या प्राण्यासमोर नमाज नको, म्हणून. गळ्यात बोकड घालून ती उभी राहिलीच नसती. आणि उभी राहायच्या आधी तिला हात-पाय धुवायला पाणी लागलं असतं, पण पोहणाऱ्या पोरांपासून आणि नुमानपासून लांब.

मी धावत पुढे आले आणि अम्मारला दोन वाक्यांत सांगितलं. बारानंतर तिनं बिल्ला स्वतः काढून ठेवायला दिला. नमाजासाठी.

त्यानं कुणाकडे दिला हे विचारलं नाही. तो म्हणाला, "उजवीकडे, तिसऱ्या वळणावर झरा आहे. मी स्वतः नमाजाआधी तिथंच हात-पाय धुतो, वजू करतो." आणि तो निघालाच होता. नुमान त्याच्यामागे. आईनं त्याला हाक मारली, तो थांबला नाही.

त्यानंतरची वीस-बावीस मिनिटं मला लिहायची नाहीत, पण लिहिते. आम्ही कड्यावर पोटावर झोपून खाली बघत होतो. दोन ठिपके झाडापाशी पोचले, उजव्या चिरेत शिरले आणि दिसेनासे झाले. वारा थांबला. मग मातीचा वास आला, पण गार, विहिरीत वाकल्यावर येतो तसा. यशश्री माझा हात धरून होती आणि तिची नखं रुतत होती. आई पुटपुटत होती. बाबा आमच्यापासून लांब, एकटे उभे होते.

आवाज आधी आला. सोहारच्या रस्त्यावर मोठे ट्रेलर एकामागून एक जातात तसा, पण तो थांबत नव्हता. डाव्या फाट्यातून पाणी आलं. ते पाणी वाटलंच नाही. तपकिरी भिंत होती, तिच्यात अख्खी झाडं उभ्यानं चालत होती. जिथं आम्ही सकाळी पोहलो ती जागा एका क्षणात नव्हती.

आणि उजव्या चिरेतून नुमान बाहेर आला. पाठीवर अफशा. अम्मार मागून दोघांना ढकलत होता. झाडापाशी ते गुडघाभर पाण्यात होते, पायवाटेच्या पहिल्या दगडावर चढले तेव्हा कमरेइतक्या. अम्मार एकदा पूर्ण खाली गेला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो दगडावर होता आणि झाड दिसत नव्हतं.

झऱ्यापाशी शेवाळावरून घसरून तिचा घोटा मोडला होता. शिट्ट्या तिला ऐकू आल्या होत्या. ती ओरडत राहिली होती, आणि वळणं तिचा आवाज तिच्याकडेच परत पाठवत राहिली होती.

६

हॉस्पिटलात संध्याकाळी पाच वाजता टूर कंपनीचा मॅनेजर आला. बाबामियाँ गाळा तसाच टाकून आले होते, भाजीचा वास तसाच अंगाला. ते अम्मारच्या अंगावर धावून गेले. त्यांना दोष कसा देणार?

मॅनेजरनं एकच गोष्ट विचारली. फळी भरलेली होती, तर चौथा बिल्ला कुणी लावला? अम्मार म्हणाला, माहीत नाही. मॅनेजर म्हणाला, मग तूच लावलास, पाऊस दिसला आणि निघायची घाई झाली. अम्मारच्या कोपराला नऊ टाके पडले होते. त्यानं आमच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं, हळूच, एकेकाकडे. बाबा जमिनीकडे बघत होते. मॅनेजरनं कागद पुढे केला, गाइडनं माणसं न मोजता दरी सोडली असं त्यात होतं, आणि पाहुण्यांच्या वतीनं सही माझ्या बाबांनी केली. अम्मारचं ओळखपत्र तिथल्या तिथे काढून घेतलं. सोमवारी त्याचं लायसन्स रद्द करायला पाठवणार म्हणाले.

मी अफशाजवळ गेले. तिच्या पायाला प्लास्टर होतं आणि डोळे औषधानं जड झाले होते. ती म्हणाली, "मी अब्बांना सांगितलंय, बिल्ला कुठे पडला आठवत नाही. काका फार घाबरलेत ना?" मला तिला मिठी मारायची होती आणि हलवून विचारायचंही होतं, की तुला कुणी सांगितलं हे करायला.

मदिनत सुलतान काबूसच्या आमच्या फ्लॅटमध्ये आईनं वरण-भात लावला. बाबा जेवले नाहीत. मग तेच बोलायला लागले, मी विचारलं नसताना. ते म्हणाले, कारखान्यात वीज बंद आहे अशी मी सही केली की लोक तारेला हात लावतात. माझ्या हातून असा बिल्ला लागला हे तिथं कळलं तर कोण मला तशी सही करू देईल? व्हिसा त्या नोकरीवर आहे, तुझी शाळा त्या नोकरीवर आहे. मुलगी वाचली ना. अम्मार स्थानिक आहे, त्याला दुसरं काम मिळेल. आई म्हणाली, "विशू, झालं ते झालं. तू हुशार आहेस म्हणून ती सापडली, तेवढं धरून चाल."

मला बाबांचा राग येत नव्हता, हे सगळ्यात वाईट होतं. ते ताटासमोर बसले होते आणि आईच्या फोनची वायर त्यांच्या हातात होती, पण ते तिला वेढे देत नव्हते, नुसती धरून होते. मला ते फार म्हातारे दिसले. मी हात धुतले, परत येऊन त्यांच्या समोर उभी राहिले. आवाज माझाच होता.

"बाबा, आई, मी उद्या शाळेत जाणार नाही. कंपनीच्या ऑफिसात जाणार आहे. चौथा बिल्ला तुमच्या हातून लागला हे मी लिहून देणार. आणि मी तिची मैत्रीण असून मागे वळून पाहिलं नाही, हेही लिहिणार, खाली सही करून. आठ वाजता निघेन. तुम्ही बरोबर आलात तर पहिली सही तुमची असेल."